मखामची टाकी

प्रयोंगला झुंजीचे मासे कळत. थायलंडमधल्या नाखोन पाथोमच्या कालव्याकाठी चाळीस वर्षं त्याने दुसरं काही केलं नव्हतं. माणसंही आपल्याला तितकीच कळतात असा त्याचा समज होता. बायको होती तोवर ती अधूनमधून हा समज दूर करायला बघायची. ती गेल्यावर ते काम कुणी हाती घेतलं नाही.

बुधवारपासून मात्र त्याच्या जिवाला स्वस्थता नव्हती. बरण्यांतलं पाणी बदलताना मध्येच उठून फाटकापर्यंत जायचा, परत यायचा, कुठली बरणी राहिली ते आठवत बसायचा. मुलीला न विचारता त्याने तिच्या नवऱ्याला, डेचाला, रविवारी जेवायला बोलावून ठेवलं होतं.

मुलीचं घरातलं नाव कुंग, म्हणजे कोळंबी. जन्मली तेव्हा तशीच लाल आणि वाकडी होती. वीस दिवसांपूर्वी ती बँकॉकहून एक बॅग आणि एक साप घेऊन आली. डेचाला कायमचं सोडून आले, म्हणाली. इथल्या जनावरांच्या दवाखान्यात तिला नोकरी मिळत होती, आणि होय की नाही ते सोमवारी कळवायचं होतं. नाही म्हटलं तर ती मैत्रिणीकडे चिआंग माईला जाणार, सातशे किलोमीटर लांब. प्रयोंगला ती इथे हवी होती. इतकी हवी होती, की साप बघून दोन पावलं मागे सरला तरी तो म्हणाला होता, "आण आत. त्याचीही सोय करू."

साप हिरवागार, अंगठ्याएवढा जाड, नाकावर लहानसं शिंग. नाव मखाम, म्हणजे चिंच. त्याला गारवा लागे, दमट हवा लागे, आणि घरात तशी जागा एकच होती, माशांची मागची पडवी. म्हणून सापाचं आणि माशांचं एकत्र घर बांधायचं ठरलं. एकच लांब टाकी. डावीकडे पाणी आणि मासे, उजवीकडे माती, शेवाळ, चढायला फांद्या. रोज जेवण उरकलं की बापलेक जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर आकृत्या काढत.

"झाकणाला कडी हवी," कुंग म्हणाली. "बोटभर फट मिळाली तरी हा निघतो."

"निघून जाणार कुठे?"

"तुमच्या उशाखाली."

प्रयोंगने मुकाट्याने कागदावर दोन कड्या काढल्या. मग मधल्या भिंतीवर आला. "इथे स्वच्छ काच."

"काच नको, फळी. पलीकडचं दिसता कामा नये."

"मग बघायचं काय? एकत्र टाकीची मजाच ती."

"बाबा, पिल्लू असताना त्याने मासेच खाल्लेत. मध्ये काच आहे हे त्याला काय कळणार?"

"रोज बघून सवय होते."

"कुणाला?"

"सगळ्यांनाच होते."

कुंगने त्याच्याकडे बघितलं, पेन्सिलीला टोक करायला घेतलं. प्रयोंगने कॅलेंडर उगाच सरळ केलं. हिला डेचाला बोलावल्याचं कळलं की काय? पण ती पुन्हा कड्यांकडे वळली.

सवयीचं हे शास्त्र त्या कालव्यावर सगळ्यांचंच. झुंजीचे नर एकेका बरणीत, बरणीला बरणी खेटून, मध्ये पुठ्ठा. रोज सकाळी पुठ्ठा दहा मिनिटं काढायचा. दोघे एकमेकांना बघून गलफडं फुगवतात, काचेवर धावून जातात. मग पुठ्ठा परत घालायचा. त्याने मासा सुस्तावत नाही, अंगात रग राहते. प्रयोंगने हेच औषध घरादाराला लावलं होतं. भांडण झालं, बसवा समोरासमोर. एप्रिलमध्ये नववर्षाच्या सणाला त्याने कुंग आणि डेचाला चार दिवस एका चटईवर समोरासमोर जेवायला बसवायचं ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी डेचाने रश्श्याचा वाडगा भिंतीवर फेकला. कुंगने भिंत पुसली आणि संध्याकाळच्या बसने गेली, ती आठ महिने फिरकली नाही. उरलेले दोन दिवस मिळाले असते तर जमलं असतं, असं प्रयोंगला अजूनही वाटायचं. बुधवारी फोन केला तो त्याच हिशेबाने. फोन ठेवल्या क्षणी छाती धडधडायला लागली, ती मात्र कुठल्या हिशेबात बसेना.

शनिवारी दोघांनी जुन्या चार फुटी टाकीत प्रयोग मांडला. मध्ये काच बसवली. कुंगने तिच्यालगतच्या खाचेत मापाचा पुठ्ठा सरकवला. एकीकडे प्रयोंगचा लाडका निळा नर, दुसरीकडे मखाम. "आठवडाभर बघू," ती म्हणाली. "हा पुठ्ठा हलवायचा नाही."

आठवडाभर, म्हणाली. प्रयोंगने मनातल्या मनात तो शब्द शंभर वेळा घोळवला. सोमवारच्या पुढे जाणारा आठवडा.

रविवारी सकाळी कुंग बाजारात गेली. डेचा अकरापर्यंत येणार होता. प्रयोंगने भात लावला, अंगण झाडलं, झाडलेलं अंगण परत झाडलं. मग हाताला चाळा म्हणून बरण्यांचे पुठ्ठे काढत सुटला. रांग संपली, टाकी आली, हात थांबला नाही. दहाच मिनिटं, तो स्वतःला म्हणाला.

निळा फुलून काचेवर आला. मखामने फांदीवरून मान उचलली, अंग आक्रसून घेतलं आणि झेपावला. काच दणकली. मागे झाला, पुन्हा झेपावला. प्रयोंग पुठ्ठा घालायला गेला तर पाण्याने तो फुगला होता, खाचेत जाईना. तिसऱ्या, चौथ्या झेपेला काचेवर लाल ठिपका उमटला. तेवढ्यात कुंग आली. हातातली भाजी तिथेच टाकून तिने मखामला उचललं आणि ओटीत घेऊन औषधाच्या बोळ्याने शिंगाखालचं रक्त टिपायला लागली. फुटलेलं तोंड लपवत साप तिच्या बाहीत शिरू बघत होता.

"कशाला काढलात?" आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

"दहा मिनिटंच... आपण माशांना करतो तसं. तयार होतात."

"ते लढायला तयार होतात, बाबा. याला कुणाशी लढायचंय?" तिने बोळा बदलला. "मला तरी कुणाशी लढायचं होतं?"

प्रयोंग भिंतीला टेकून खाली बसला. भिंत पुसणारी मुलगी त्याला आठवली. तेव्हा तो शेजारीच बसला होता आणि तिला म्हणाला होता, भात गार होतोय. आता आतून भाताचा वास येत होता. घड्याळात पावणेअकरा.

"कुंग, आज डेचा येतोय," तो म्हणाला. "मी बोलावलंय."

तिचा हात थांबला. मग तिने मखामला ज्या पेटीतून आणलं होतं त्याच पेटीत अलगद ठेवलं, झाकण लावलं, आणि खोलीत जाऊन बॅग घेऊन आली. पेटी आणि बॅग घेऊन ती मागच्या दाराच्या पायरीवर बसली.

पुढे गाडी थांबली. प्रयोंग फाटकाकडे गेला. डेचा इस्त्रीच्या सदऱ्यात, हातात रंबुतानची पिशवी, हात जोडून उभा. त्या गावात दारात वसुलीला आलेल्या माणसालाही आधी विचारतात, जेवलास का. प्रयोंगच्या ओठांवर ते आलं आणि त्याने ते गिळलं.

"आहे ना ती?" डेचाने विचारलं.

"आहे."

"मग फाटक उघडा की."

"नाही उघडणार. तुला बोलावलं ती माझी चूक झाली. परत जा."

"इतक्या लांब बोलावून चेष्टा करता का, बाबा?"

"ती आता इथे राहते. इथेच नोकरी करते. तू इथे यायचं नाही."

डेचाने पिशवी फाटकावर आपटली. फळं रस्त्यावर घरंगळली. प्रयोंग गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत गज धरून उभा राहिला, मग घराला वळसा घालून मागे आला.

कुंग पायरीवरच होती. पेटी मांडीवर.

"गेला?"

"गेला."

"काय सांगितलंत?"

"म्हटलं, तू इथे राहतेस. इथेच नोकरी करतेस." तो घुटमळला. "खोटं बोललो."

ती कालव्याकडे बघत राहिली. पलीकडे कुणीतरी बरण्या विसळत होतं. राहशील ना, असं प्रयोंगला विचारायचं होतं, पण त्याने विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा तो नुसता उभा राहिला.

"याला पेटीत फार वेळ ठेवता येत नाही," कुंग शेवटी म्हणाली, आणि तिने झाकण उघडलं.