कपाटातले नऊ जोड

माझी बायको गेल्यावर चार महिन्यांनी मी माझे दगड कॉलेजच्या संग्रहालयाला द्यायचं ठरवलं. दगड म्हणजे स्फटिकांचे नमुने, एकशे बेचाळीस. मी अट एकच घातली. ज्या कपाटात ते राहतील त्याच्यावर पितळेची पाटी लावायची आणि तिच्यावर माझ्या बायकोचं नाव घालायचं. माझं नसलं तरी चालेल. तिच्यासाठी आता एवढंच करण्यासारखं उरलं होतं.

मी खाणीत सुरुंग लावायचो. छत्तीस वर्षं तेच केलं. स्फोटानंतर धूर बसला की सगळ्यांच्या आधी मी पुढे जायचो, कारण एखादा सुरुंग न फुटता राहिलाय का हे बघणं माझं काम. कधीकधी दगडाच्या पोटात पोकळी उघडी पडलेली असायची आणि तिच्या आतल्या अंगाला स्फटिक वाढलेले असायचे. सगळा माल क्रशरमध्ये जायच्या आत ते काढायला माझ्याकडे जेवणाची सुट्टी असायची, तेवढीच. मुकादम म्हणायचा, आमचा सुरुंगवाला डबा घरी परत नेतो, दगड खाऊन पोट भरतो.

घरी आणून धुवायचे, वाळवायचे आणि प्रत्येकाची चिठ्ठी लिहायची. काय आहे, कोणत्या कड्यात सापडलं, किती खोल, कधी. चिठ्ठी हरवलेल्या नमुन्याला जाणकार माणूस विचारत नाही. टोक उडालेल्याला तर हातही लावत नाही. ते टोक वाढायला लाखो वर्षं गेलेली असतात आणि मोडायला फडक्याचा एक फटकारा पुरतो.

पुसायचं काम बायकोचं होतं. दर रविवारी ती बाहेरच्या खोलीतलं काचेचं कपाट उघडायची आणि मऊ ब्रश घेऊन एकेक दगड झाडायची. सवतींच्या आंघोळी उरकते, म्हणायची. शेजारणीनं एकदा विचारलं, किती गं सवती तुला? तर म्हणाली, मोजायच्या सोडल्या, पण एकीलाही जेवायला वाढावं लागत नाही, म्हणून निभतंय. मला ते फार आवडलं होतं. पुढे मीच चार लोकांत सांगायचो.

आणखी एक गोष्ट मी सांगायचो. आलेल्या प्रत्येक माणसाला कपाटापाशी नेऊन सांगायचो की तेहतीस वर्षांत हिच्या हातून फक्त एक दगड मोडला, लग्नानंतर सहा महिन्यांनी, त्यानंतर एकही नाही. असा हात बघायला मिळणार नाही, म्हणायचो. ती तेवढ्यात चहा टाकायला आत जायची. मला वाटायचं, कौतुक सहन होत नाही तिला.

तो मोडलेला दगड क्वार्ट्झचा होता. बोटाएवढा उभा स्फटिक, पाण्यासारखा. तिच्या बांगडीचा धक्का लागला आणि टोक उडालं. मी घरी आलो तर ती टोक हातात घेऊन उभी होती. मी हात उचलला नाही. आवाज चढवला नाही. या दोन गोष्टींचा मला नंतर कितीतरी वर्षं अभिमान होता. मी फक्त बोलणं बंद केलं. अकरा दिवस. जेवायला बसायचो, कामाला जायचो, यायचो, झोपायचो. बाराव्या दिवशी मी म्हणालो, "भाजीत मीठ कमी आहे." ती रडायला लागली. मिठावरून रडते म्हणून मला हसू आलं होतं.

तो दगड मी टाकून दिला नाही. कपाटाच्या सर्वांत पुढच्या फळीवर ठेवला आणि टोक त्याच्या शेजारी ठेवलं. लक्षात राहावं म्हणून. दर रविवारी ती दोन्ही पुसायची.

तर संग्रहालयाच्या बाई घरी आल्या. चाळिशीच्या, शांत बोलणाऱ्या. प्रत्येक नमुना तपासून घ्यायची त्यांची पद्धत होती. दगड मोडून चिकटवलेला असला तरी त्या घेत, पण तसं चिठ्ठीवर लिहिलेलं असलं पाहिजे. लपवलेला जोड सापडला तर देणाऱ्याच्या शब्दाला किंमत राहत नाही, त्या म्हणाल्या. मी त्यांना त्याआधीच लिहून दिलं होतं. एक दगड मोडका आहे, तो तसाच ठेवला आहे. बाकी कशालाही जोड नाही.

त्यांच्याकडे हातात मावेल असा जांभळ्या उजेडाचा दिवा होता. त्याच्या उजेडात चिकटवण्याचा पदार्थ चमकतो, म्हणजे साध्या उजेडात न दिसणारा जोडही दिसतो. आम्ही दुपारीच खिडक्या लावल्या, फटींवर चादरी टाकल्या. पहिले सहा दगड काळेच राहिले. सातव्यावर, मधल्या स्फटिकाच्या बुडाशी, निळसर पांढरी रेघ उजळली. केसाएवढी बारीक, सरळ.

"काका, हा जोडलेला आहे," बाई म्हणाल्या.

मी म्हणालो, दिवा बिघडलाय. त्यांनी त्याचा झोत आमच्या चहाच्या कपावर टाकला, तिथे काही चमकलं नाही, मग परत दगडावर टाकला. रेघ तिथेच. मग मी बरंच बोललो. हा दगड मी माझ्या हातानं कड्यातून काढलाय, तुम्ही तेव्हा शाळेत असाल, असं काहीबाही. त्यांनी ऐकून घेतलं. शेवटी म्हणाल्या, माझं काहीच म्हणणं नाही, तुमचं तुम्ही बघा, आणि दिवा आठवड्यासाठी ठेवून गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी घोंगडी डोक्यावरून घेऊन जमिनीवर बसलो आणि सगळे दगड एकेक करून दिव्याखाली घेतले. काही दगड अंगचेच चमकतात, लाल, हिरवे, ते मला ओळखता येत होते. जोडाची रेघ वेगळी. अशा नऊ सापडल्या. आठ जोड असे होते की दिवा विझवून, भिंग लावूनही मला दिसले नाहीत. स्फटिकाच्या अंगावरच्या रेघा इकडून तिकडे तशाच चालू. पण माझ्याशिवाय या कपाटाला एकाच माणसाचा हात लागायचा.

नववा वेगळा होता. काळा, सुईसारख्या कांड्यांचा जुडगा, माझा सगळ्यांत आवडता. त्यातली एक कांडी किंचित फिरलेली होती. उजेड एका बाजूवरून सरकत यायचा आणि त्या कांडीपाशी अडायचा. त्यासाठी दिवाही लागत नव्हता. मी त्या दगडासमोर रोज बसून चहा पीत होतो, आणि मला ते दिसलं नव्हतं.

मी मुलीला बोलावून घेतलं. ती दोन तासांवर राहते. आली, चप्पल काढली, जमिनीवर वेगळे काढलेले नऊ दगड बघितले आणि काही विचारलं नाही. त्यावरूनच मला कळलं.

"तुला माहीत होतं," मी म्हणालो.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

मी दिवा दाखवला. तिनं तो उलटसुलट करून पाहिला आणि परत ठेवला. मग सांगायला लागली, भाजीचा भाव सांगावा तशी. कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्या काकांकडून आई शिकली. त्यांनीच डोळ्यात बसवायचं भिंग दिलं. दोन नळ्या मिसळून लावायचा तो पदार्थ आई शिवणयंत्राच्या खणात, रिळांच्या खाली ठेवायची. पाच मिनिटं न हलवता धरावं लागे. त्या पाच मिनिटांत कुणी यायला नको म्हणून मुलीला खिडकीत बसवायची. मी वळणावर दिसलो की मुलीनं खोकायचं, असं ठरलेलं.

"एका वर्षी तीन मोडले," ती म्हणाली. "तुम्ही मला खोकल्याचं औषध आणलं होतं. आठवतंय?"

आठवत होतं. डॉक्टरकडेही नेलं होतं. छाती साफ आहे म्हणाले होते, तरी मी बाटली आणली.

"फार कडू होतं," ती म्हणाली. "मी पूर्ण बाटली संपवली."

मी म्हणालो, तिनं मला सांगायला हवं होतं. मी काय खाल्लं असतं का तिला? माझं वय झालं, मी निवळलो होतो. नंतरच्या काळात सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

"आईला काय माहीत, कोणत्या वर्षी तुम्ही हसणार होता?"

मी तो काळा दगड पुढे केला आणि हा कधीचा, म्हणून विचारलं. तिलाही माहीत नव्हतं. तिनं फिरलेली कांडी पाहिली, बोटानं नाही, नुसतं डोळ्यांनी, आणि म्हणाली, हा तिच्या आजारातला असेल. तेव्हा हात थरथरायचे तिचे.

मग माझं मलाच आठवलं. जायच्या आधी तीन आठवडे. मी पलंगाशेजारी बसून म्हणालो होतो, कपाटावर किती धूळ साचलीय बघ. सहज म्हणालो होतो. दुसऱ्या दिवशी औषधं घेऊन आलो तर खोलीत उग्र वास होता. कसला वास, विचारलं. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. "नवीन औषधाचा," म्हणाली. मी खिडकी उघडली.

म्हणजे ती उठली होती. ज्या बाईला मी आधार देऊन न्हाणीघरात नेत होतो, ती एकटी उठून कपाटापर्यंत गेली, पुसायला लागली, कांडी तुटली, आणि खिडकीत बसायला कुणी नव्हतं. तशी ती पाच मिनिटं धरून उभी राहिली.

मुलगी निघताना दारात थांबली. "पाटीचं ते करू नका, बाबा. आईचं नाव त्या कपाटावर लावू नका."

मी म्हणालो, तिच्यासाठीच तर करतोय.

"तिला त्या कपाटाची भीती वाटायची. मरेपर्यंत. तिथेच तिचं नाव टांगणार तुम्ही?"

तिनं चप्पल घातली आणि गेली.

आठवडा संपला तसा बाईंचा फोन आला. पाटीवरचा मजकूर कळवा, कोरायला टाकायची आहे, म्हणाल्या. मी म्हणालो, पाटी नको. त्यांना वाटलं, रागावलोय. मी म्हणालो, नाही, दगड घेऊन जा, फक्त पाटी नको. नऊ जोड सापडलेत, तुमचा दिवा बरोबर होता.

त्या येऊन कोरे कागद देऊन गेल्या. संग्रहालयाच्या चिठ्ठीवर माझ्यापेक्षा दोन ओळी जास्त होत्या. जोड कुठे आहे, आणि कोणी जोडला. या ओळी बहुतेक लोक रिकाम्या सोडतात, त्यांनी सांगितलं, कारण कोणालाच माहीत नसतं. मी नऊ चिठ्ठ्यांवर तिचं पूर्ण नाव लिहिलं. हात जड आहे माझा, दोन कागद वाया गेले. काळ्या दगडाबद्दल बाई म्हणाल्या की एक द्रव लावून ती कांडी सुटी करता येते आणि नीट सरळ बसवता येते, त्यांच्याकडे तसा माणूस आहे. मी नको म्हणालो. आहे तसाच ठेवा, नाहीतर तो मी देत नाही. त्यांनी चिठ्ठी वाचली आणि ती दगडाखाली सरकवून ठेवली.

राहिला पुढच्या फळीवरचा तो पहिला, टोक शेजारी ठेवलेला. दगड न्यायला गाडी यायच्या आदल्या दिवशी सकाळी मी शिवणयंत्राचा खण उघडला. रिळांच्या खाली दोन नळ्या होत्या, तळापासून नीट गुंडाळत आणलेल्या, आणि ते भिंग. मी भिंग डोळ्यात बसवलं. ते माझ्या डोळ्यात राहीना, हातानं धरावं लागलं, मग सोडून दिलं. दोन्ही नळ्यांतलं थोडं थोडं काडीनं कालवलं. तोच वास आला.

टोक बसवलं आणि धरलं. छत्तीस वर्षं मी सुरुंगाची दारू भरली, माझा हात कधी हलला नाही, आणि त्या दोन बोटांत मावणाऱ्या टोकाखाली तो हलायला लागला. घड्याळ समोर होतं. एक मिनिट झालं. जिन्यात कुणाचे तरी पाय वाजले. वरच्या मजल्यावरचा माणूस होता, रोजचाच. तो आमच्या दारावरून पुढे जाईपर्यंत मी श्वास घेतला नाही. घरात माझ्यावर रागावणारं कुणीही नव्हतं.

पाच मिनिटांनी सोडलं तेव्हा टोक तिरकं बसलेलं होतं. पदार्थ बाहेर आला होता आणि कडेला माझ्या अंगठ्याचा ठसा उमटला होता. मी पुसायला गेलो तर तो आणखी पसरला. तिनं हे दोन दिवसांत शिकून घेतलं नसेल. किती दगडांचे तुकडे आधी जोडून पाहिले असतील, खडी, गोट्या, काय काय, ते आता विचारायला घड्याळवालाही राहिला नाही.

दहावी चिठ्ठी लिहिली. क्वार्ट्झ, पूर्वेचा कडा, तिसरा थर. जोड: टोकापाशी. कोणी जोडला त्या ओळीत माझं नाव. तो जोड बघायला दिवा लागत नाही.