येते म्हणाली होती

"माणसाची सुट्टी चोरणारे तुम्ही, आणि खुलासा मी द्यायचा?"

एवढंच तिने ऑफिसातून आलेल्या नोटिशीच्या पाठीवर लिहिलं, तेही मराठीत. इथली भाषा तिला हॉस्पिटलच्या लाँड्रीपुरतीच येत होती: गरम, थंड, लवकर, अजून लवकर. राग तेवढ्यात मावणारा नव्हता. तिच्याच खोलीत राहणारी ताई हॉस्पिटलच्याच स्वयंपाकघरात काम करायची. तिने ते वाचलं आणि म्हणाली, चोराच्या उलट्या बोंबा हे तुला कळतं, मला कळतं. त्यांना कळवणार कोण?

आठवड्यातले सहा दिवस ती चादरींच्या ढिगात असायची. ओल्या चादरी ओढायच्या, झटकायच्या, इस्त्रीच्या रोलरखाली सरकवायच्या. पहिलं वर्ष संपलं तेव्हा भावाने फोनवर विचारलं होतं, परदेशात काय काय पाहिलंस? ती म्हणाली, चादरी. भाऊ पोट धरून हसला. तिला हसू आलं नाही. पुढच्याच बुधवारी, तिच्या सुट्टीच्या दिवशी, तिने पहिली बस धरली आणि शेवटच्या थांब्यापर्यंत गेली. थांब्यामागे डोंगर होता. कामावरचेच गुळगुळीत तळाचे बूट घालून ती चढली, दोनदा आपटली, गुडघे सोलून घेऊन परतली आणि त्या रात्री मेल्यासारखी झोपली. तेव्हापासून तीन वर्षं एक बुधवार चुकला नव्हता. कधी डोंगर, कधी तळ्याचा काठ, कधी दोन बसमधले चार तास नुसती पायवाट तुडवायची. एकदा तर भिजत भिजत एका बंद फाटकापर्यंत गेली आणि तशीच परत आली. तीही सहल तिने धरली. लाँड्रीतले लोक तिला टेकडीबाई म्हणत. ती ओ द्यायची.

आता मामा. मामा कोणाचाही मामा नव्हता. तो लाँड्रीचा सुपरवायझर. आपल्याकडच्या चौघीपाचजणींना त्यानेच कामाला लावलं होतं, म्हणून मामा. त्याला दोन्ही भाषा येत, आणि ऑफिसात त्याची पत होती ती त्यावरच.

झालं होतं ते असं. मागच्या मंगळवारी सुटताना तो दाराशी वही घेऊन उभा होता. उद्या एकजण येणार नाही, माणूस हवा, असं काहीसं म्हणाला. मशीन घरघरत होतं, ती वाकून बुटाची नाडी बांधत होती. रोजच्यासारखी "येते मामा" म्हणाली आणि गेली. बुधवारी ती डोंगरावर, फोनला रेंज नाही. खाली उतरली तर अकरा मिस्ड कॉल. शुक्रवारी नोटीस: येते असं कबूल करून आली नाही, फसवणूक केली, खुलासा द्या, नाहीतर करार वाढणार नाही.

सोमवारी चहाच्या सुट्टीत तिने मामाला घडीच्या टेबलापाशी गाठलं. तो म्हणाला, माफीचा कागद तयार आहे, सही कर आणि मोकळी हो, सही केल्याने काय अंगाला भोकं पडतात का. माणूस मिळत नव्हता, वरून विचारलं, मग मी काय सांगणार होतो?

"मामा, तुम्ही घरून निघालात तेव्हा आईला काय म्हणालात?"

त्याने घडी केलेला टॉवेल उलगडून त्याची पुन्हा घडी घातली. "येतो म्हणालो."

"त्याला किती वर्षं झाली?"

त्याने दुसरा टॉवेल ओढला. अकरा वर्षं झाली हे सगळ्या लाँड्रीला ठाऊक होतं.

"मग तुमच्या आईने काढली का नोटीस?"

मंगळवारी दुपारी ऑफिसात बोलावणं आलं. टेबलापलीकडे अधिकारी बाई, बाजूला दुभाषा म्हणून मामाच. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात तो असा समोर बसलेला. त्याने माफीचा कागद मराठीत सांगितला. त्यात दोनच ओळी होत्या. एक, चूक माझी. दोन, यापुढे सुट्टीच्या दिवशीही तासाभराच्या अंतरापलीकडे जाणार नाही आणि फोन उचलेन. बाईंनी पेन पुढे सरकवलं.

तिने पेनला हात लावला नाही. मामाला म्हणाली, मी बोलते ते जसंच्या तसं सांगायचं, 'ध'चा 'मा' केलात तर मला कळेल. तिला कळलं नसतं. पण मामाला याची खात्री नव्हती.

"आमच्यात निघताना कोणी जाते म्हणत नाही. जाते म्हणणं अशुभ असतं. जाणारीही येतेच म्हणते. चार वर्षं रोज संध्याकाळी मी या माणसाला येते म्हणते. एकदा तरी रात्री परत येऊन दारात उभी राहिले का? तेव्हा यांना फसवणूक दिसली नाही. माणूस कमी पडला त्या दिवशीच बरी दिसली."

मामाचे कान लाल झाले. मग तो बोलू लागला, आणि तिच्यापेक्षा बराच वेळ बोलला. मध्येच त्याने छातीला हात लावला. बाईंनी त्याला एक प्रश्न विचारला. त्याने मान खाली घालून हो म्हटलं.

बाईंनी पहिल्या ओळीवर रेघ मारली. गैरसमज होता, कारवाई नाही, मामा म्हणाला. फक्त दुसऱ्या ओळीखाली सही कर, तो आता सगळ्यांनाच नियम होणार आहे. कर बाई, करार वाढेल.

म्हणजे डोंगर गेला, तळं गेलं, शेवटच्या थांब्यापुढचं सगळं गेलं. राहिल्या चादरी.

"पहिली ओळ खोडलीत ते उपकार नाहीत, ती खोटीच होती," ती म्हणाली. "दुसरीचं बोला. सहा दिवस मी तुमची. सातव्या दिवशी मी कुठे उभी आहे हे ठरवायचा हक्क तुम्हाला कोणी दिला? कायद्यात असेल तर कायदा दाखवा. नसेल तर नाही म्हणा."

मामाने सांगितलं. बाई घड्याळाकडे बघत म्हणाल्या, वर विचारून पुढच्या आठवड्यात कळवू.

तिने खुर्ची टेबलाजवळ ओढली.

"पुढच्या आठवड्यात नाही. उद्या बुधवार आहे. सांगा त्यांना मामा, मी बसले आहे. हो की नाही, आत्ता, आणि लेखी."