वॉटरफोर्डचं ट्रेनिंग

खोटं बोलायचं असं इरावतीने ठरवलं नव्हतं. ते तोंडातून निघून गेलं आणि मग मागे घेता आलं नाही.

२०२० च्या फेब्रुवारीचा शेवट होता. आयर्लंडमध्ये मलिंगारच्या पलीकडे एका लहानशा गावात ती आणि तिचा नवरा अनीश बरीच वर्षं राहत होते. अनीश गावातल्या क्लिनिकमध्ये डॉक्टर होता. इरावती डब्लिनजवळ क्लोनडॉकिनला एका कंपनीत. सकाळी अंधारात गाडी काढायची आणि संध्याकाळी अंधारातच दारात लावायची. जानेवारीत अनीशची आई, वासंतीताई, कराडहून राहायला आल्या होत्या. दिवाळीच्या सुमारास अनीशचे वडील गेले होते.

वासंतीताई भल्या बाई होत्या. घरात शिरल्या दिवसापासून त्यांनी इरावतीला चपाती लाटू दिली नव्हती. पण दिवसभर त्या एकट्या असत, आणि इरावतीने कोट काढायच्या आत त्यांचं बोलणं सुरू होई. सासऱ्यांचं शेवटचं दुखणं, दवाखान्यातला मुक्काम, डॉक्टर काय म्हणाले, मग पुन्हा पहिल्यापासून. अनीश पेशंट संपवून उशिरा यायचा, त्यामुळे ऐकायचं काम इरावतीचं. ती ऐकायची. कधी कधी गाडी दारात लावल्यावर ती उगीचच आत बसून राहायची.

एका दुपारी ऑफिसात डबा खाताना तिने स्वस्त विमानाचं तिकीट पाहिलं. डब्लिन ते माद्रिद. तिचा नवा आयरिश पासपोर्ट कपाटात कोरा पडून होता, व्हिसाची भानगड नव्हती. माद्रिदहून अर्ध्या तासावर टोलेडो, आणि तिथे शनिवारी संध्याकाळी जुन्या गावातून चालत चालत खाण्याची टूर. तिने पैसे भरून टाकले. घरी सांगू, असं तिच्या मनात खरंच होतं. पण संध्याकाळी टेबलावर तिघं बसली आणि ती म्हणाली, "पुढच्या शुक्रवारी मला ट्रेनिंगला जायचंय. वॉटरफोर्डला. रविवारी येईन."

"शनिवार-रविवारी ट्रेनिंग?" अनीशने विचारलं.

"टीम बिल्डिंग आहे."

"अच्छा," तो म्हणाला, आणि त्याने भात वाढून घेतला.

निघायच्या दिवशी वासंतीताईंनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. "तिकडं काय मिळंल नि काय नाही. घे की."

टोलेडो टेकडीवर होतं. तीन बाजूंनी नदी, आणि वर दगडी घरं एकमेकांच्या अंगावर रेललेली. गाइडचं नाव पिलार. पन्नाशीची, ठणठणीत आवाजाची, गळ्यात लाल स्कार्फ. तिच्यामागून आठ-नऊ जण गल्ल्यांतून चालले होते. इथे बारमध्ये दारूबरोबर जे थोडंथोडं खायला देतात त्याला तापा म्हणतात, आणि तापा म्हणजे झाकण, तिने सांगितलं. पूर्वी दारूच्या पेल्यात माशी पडू नये म्हणून वर पावाची चकती ठेवायचे, असं म्हणतात. पहिल्या बारमध्ये ऑलिव्ह आणि बटाट्याचं जाड ऑम्लेट. दुसऱ्यात तळलेली गरम क्रोकेट, जिभेला चटका देणारी. तिसऱ्या ठिकाणी मातीच्या वाडग्यात टोमॅटोतलं डुकराचं मटण आलं आणि सगळ्यांनी त्याच वाडग्यात पाव बुडवला. बार इतका भरलेला होता की हात वर करायलाही जागा नव्हती. शेजारचा एक म्हातारा माणूस खोकत होता. इरावतीने वाडगा त्याच्याकडे सरकवला.

कुणीतरी त्या नव्या विषाणूबद्दल विचारलं. पिलारने हात झटकला. "माद्रिदमध्ये आहे म्हणे. आमच्याकडे फक्त टूरिस्टांची साथ आहे."

सगळे हसले. इरावतीही हसली. तिचे गाल गरम झाले होते, पाय दुखत होते आणि तिला कुणी काही विचारत नव्हतं. ती आनंदात होती. शेवटी बदामाची मिठाई खाऊन झाल्यावर पिलारने प्रत्येकाला मिठी मारली आणि दोन्ही गालांवर गाल टेकवले.

रविवारी घरी आल्यावर अनीशने विचारलं, "कसं होतं वॉटरफोर्ड?"

"पाऊस होता," ती म्हणाली.

बुधवारी तिचा घसा धरला. गुरुवारी अंगात ताप होता. त्याच दिवशी टीव्हीवर शाळा बंद झाल्याचं सांगितलं आणि तिच्या ऑफिसनेही सगळ्यांना घरून काम करायला सांगितलं. अनीश आला तो थकून, हात धूत धूतच बोलत.

"क्लिनिकचा फोन बंदच होत नाही. प्रत्येकाला मी एकच प्रश्न विचारतोय, देशाबाहेर गेला होतात का." तिच्या कपाळाला हात लावून त्याने विचारलं, "तुमच्या ट्रेनिंगला कुणी इटलीहून वगैरे आलं होतं का गं?"

त्या क्षणी सांगता आलं असतं. वासंतीताई पलंगाशी बसून तिचे तळवे चोळत होत्या. त्यांच्यासमोर कसं सांगायचं, असं तिला वाटलं. उद्या सांगू. कदाचित साधी सर्दीच असेल.

"नाही," ती म्हणाली. "सगळे इथलेच होते."

"मग ठीक आहे. फ्लू असेल. पडून राहा."

शुक्रवारी तो क्लिनिकला गेला. इरावती दिवसभर अंथरुणात फोनवर माद्रिदच्या बातम्या वाचत राहिली. वासंतीताई स्वयंपाकघरातल्या कपाटातून सुंठ आणि हळद शोधून काढा करून आणत होत्या. "आई, तुम्ही जवळ येऊ नका," ती म्हणाली, तर त्या म्हणाल्या, "मला काय हुतंय? गप पी."

शनिवारी सकाळी वासंतीताईंच्या खोलीतून खोकल्याचा आवाज आला. कोरडा, थांबून थांबून. इरावती भिंतीला धरत खाली स्वयंपाकघरात गेली. अनीश चहा करत होता.

"मी वॉटरफोर्डला गेले नव्हते," ती म्हणाली. "स्पेनला गेले होते."

त्याला आधी कळलंच नाही. मग त्याने गॅस बंद केला.

"कुणाबरोबर?"

"कुणाबरोबर नाही. एकटी. टोलेडोला. नुसती फिरायला गेले होते, अनीश."

तो एक पाऊल मागे सरकला. पुढचे प्रश्न त्याने ज्या आवाजात विचारले, तो आवाज तो पेशंटसाठी वापरायचा. माद्रिदला किती वेळ होतीस? बंद जागेत किती माणसं होती? कुणी खोकत होतं? घसा कधी धरला? तिने उत्तरं दिली. सगळं ऐकून तो खुर्चीवर बसला.

"काल क्लिनिक भरलेलं होतं," तो म्हणाला. "निम्मे सत्तरीच्या पुढचे." आणि मग, फोन हातात घेताना, "मी तुला विचारलं होतं, इरा."

तेवढंच. नंतरही त्या दिवसाबद्दल तो याहून जास्त काही बोलला नाही.

वासंतीताई जिन्यात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. अनीश बाहेर जाऊन फोन करू लागला, तशा त्या तिथेच पायरीवर बसल्या.

"माझ्यापासून सुटायला गेलीस व्हय?"

"नाही, आई."

"मग खोटं कशापायी?" त्यांना खोकला आला. तो ओसरल्यावर त्या म्हणाल्या, "मला सांगितलं असतंस तर मी म्हणाले असते, जा की. मी काय धरून ठेवलं असतं तुला?"

ते खरं होतं. त्या तसंच म्हणाल्या असत्या.

तिघांचीही तपासणी झाली आणि तिघांनाही लागण निघाली. अनीशला फक्त वास येईनासा झाला. इरावतीचा ताप उतरला. वासंतीताईंना मात्र चौथ्या दिवशी धाप लागली. अँब्युलन्समधून अंगभर प्लास्टिक घातलेले दोघे आले आणि त्यांना मलिंगारच्या हॉस्पिटलमध्ये घेऊन गेले. बरोबर जायला परवानगी नव्हती. इरावती खिडकीतून पाहत होती. वासंतीताईंनी साडीवर अनीशचा जाड कोट घातला होता आणि त्या वळून मागे बघत नव्हत्या.

पुढचे दोन आठवडे ती दोघं एकाच घरात वेगवेगळ्या खोल्यांत राहिली. अनीश तिच्या दाराबाहेर ताट ठेवायचा, खायला गरम असायचं. त्याने आवाज चढवला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटायचं. हॉस्पिटलमधली केरळची एक नर्स रोज फोन लावून वासंतीताईंच्या कानाशी धरायची. दोघींचं मोडक्या हिंदीत बरं जमलं होतं. वासंतीताईंचा आवाज ऑक्सिजनच्या फुसफुशीतून यायचा. त्या अनीशशी बोलायच्या. मग विचारायच्या, "ती जेवली का?"

एप्रिलमध्ये त्या घरी आल्या, निम्म्या झालेल्या. खिडकीपर्यंत चाललं तरी दम लागायचा. इरावतीने त्यांची सगळी सेवा केली. वेणी घातली, पाय चेपले, आणि एकदाही नजर वर केली नाही. एका दुपारी भरवताना वासंतीताईंनी चमचा हाताने बाजूला केला.

"काय काय खाल्लंस तिकडं?"

"आई, नको."

"सांग की. एवढं मरून आले तुझ्या त्या खाण्यापायी, मला कळू तरी दे."

इरावतीने सांगितलं. एकेक बार, एकेक ताटली. डुकराचं म्हटल्यावर वासंतीताईंनी नाक मुरडलं आणि विचारलं, "कसं लागतं?"

"छान होतं," इरावती म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

"रडून काय हुतंय? पुढं सांग."

त्याच आठवड्यात जो गेराटी त्याच साथीने गेले. त्यांच्या घरापासून दोन शेतं सोडून राहणारे म्हातारे शेतकरी. मार्चमधल्या त्या शुक्रवारी ते ब्लडप्रेशर दाखवायला अनीशकडे आले होते. पण त्यांचा मुलगा डेक्लन मार्चच्या त्याच आठवड्यात इंग्लंडमधल्या घोड्यांच्या शर्यती बघून परतला होता आणि त्यालाही ताप येऊन गेला होता. कुणाकडून कुणाला, हे सांगणं शक्य नव्हतं. अनीशने क्लिनिकतर्फे गेराटींच्या घरी फोन करून, आपल्यालाही लागण झाली होती, हे आधीच सांगितलं होतं. मिसेस गेराटी त्याला म्हणाल्या होत्या, डॉक्टर, तुम्हालाच कुणा पेशंटकडून लागली असणार बिचाऱ्यांना. अनीशने त्यांचा तो समज तसाच राहू दिला होता.

अंत्यविधीला चर्चमध्ये जायची बंदी होती, म्हणून गावातले लोक रस्त्याच्या कडेने अंतर ठेवून उभे राहिले. इरावती आणि अनीश आपल्या फाटकाशी उभे होते. शववाहिका अगदी हळू गेली. मागच्या गाडीतून मिसेस गेराटींनी त्यांच्याकडे पाहून हात वर केला, आभार मानल्यासारखा.

त्यानंतर इरावती दर आठवड्याला मिसेस गेराटींचं सामान आणू लागली. दूध, पाव, पेपर, कोंबड्यांचं खाद्य. दाराशी ठेवायचं, दोन शब्द बोलायचं, निघायचं. तू फार चांगली मुलगी आहेस, असं त्या प्रत्येक वेळी म्हणायच्या आणि इरावती गाडीत बसल्यावर लगेच चावी फिरवू शकायची नाही.

जूनमध्ये भारतात लोकांना परत नेणारं विमान सुटलं आणि वासंतीताई गेल्या. निघताना त्यांनी इरावतीच्या डोक्यावरून हात फिरवला. "आता कुठं जायचं असलं तर सांगून जा," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सामान घेऊन गेल्यावर इरावती गेराटींच्या अंगणात थांबली. मिसेस गेराटी दारातल्या बाकावर बसल्या होत्या.

"मला तुम्हाला काही सांगायचंय," ती म्हणाली, आणि सांगितलं. स्पेन, वॉटरफोर्ड, गुरुवारचा तो प्रश्न, तिचं 'नाही', आणि शुक्रवारचं भरलेलं क्लिनिक. "अनीशला काही माहीत नव्हतं. चूक माझी होती. जो कदाचित माझ्यामुळे गेले."

मिसेस गेराटींचा चेहरा पांढरा पडला. हातातली पिशवी त्यांनी खाली ठेवली, पुन्हा उचलली.

"डेक्लनला वाटतं त्यानेच बापाला मारलं," त्या शेवटी म्हणाल्या. "जो आजारी पडल्यापासून तो या स्वयंपाकघरात बसलेला नाही. उभ्याउभ्या जेवतो आणि गोठ्यात निघून जातो. मला त्याच्याशी काय बोलावं ते कळत नाही." त्यांनी इरावतीकडे पाहिलं. त्या नजरेत माया नव्हती. "मला जे सांगितलंस ते त्याला जाऊन सांगशील?"

डेक्लन गोठ्यामागे ट्रॅक्टरच्या खाली वाकून काहीतरी आवळत होता. चाळिशीचा, आडदांड. इरावतीने त्याला हाक मारली आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं. या वेळी जास्त कठीण गेलं. तो पाना हातात धरून ऐकत राहिला.

"म्हणजे मी नसेनही," तो म्हणाला.

"नसालही."

"आणि असेनही."

"हो. ते कुणालाच सांगता येणार नाही."

त्याने पाना ट्रॅक्टरच्या पायरीवर ठेवला. तो तिला शिवी देईल, निघून जा म्हणेल, असं तिला वाटलं आणि तिने ते ऐकायची तयारी केली. पण त्याने फडक्याला हात पुसले, बराच वेळ पुसले, आणि तिच्या शेजारून घराकडे चालत गेला. दार उघडल्याचा आवाज आला. मग आत खुर्ची ओढल्याचा.

इरावती गोठ्यापाशी उभी राहिली. घरातून दोघांचं बोलणं ऐकू येत होतं, शब्द कळत नव्हते. मग त्यातला एक आवाज रडू लागला. तो कुणाचा हे ओळखण्यासाठी ती थांबली नाही. गाडीत बसून घरी गेली आणि अनीश क्लिनिकमधून येताच, त्याने कोट काढायच्याही आधी, आपण कुठे जाऊन काय सांगून आलो ते तिने त्याला सांगितलं.