मागून येणारा आवाज

मत्सर हे सात महापापांपैकी एक असून मी ते आयुष्यात कधीही केलेलं नाही. निदान गेली अकरा वर्षं तरी नाही, कारण ही अकरा वर्षं आमच्या आळीतला सर्वांत मोठा टीव्ही माझ्याकडे होता.

होळी गावातल्या आमच्या आळीत रविवारची संध्याकाळ म्हणजे माझा हॉल. मे महिन्यात क्रिकेटचे सामने सुरू झाले की लोक घरच्या खुर्च्या उचलून यायचे. शेजारचा गॉडफ्रे तर केळीच्या वाडीतून थेट यायचा, मातीच्या पायांनी. माझी बायको उर्सुला चहाचं मोठं पातेलं चढवायची. मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. तिथे पोरं मागच्या दाराने निघून जातात. त्यामुळे माणसं आपण होऊन येतात आणि चार तास हलत नाहीत, याचं मला अप्रूप होतं.

एप्रिलमध्ये उर्सुलाचा धाकटा भाऊ फर्डिनंड कुवेतहून कायमचा परतला. त्याचं घर आमच्यापासून तिसरं. त्याने पासष्ट इंची टीव्ही घेतला. वर होम थिएटर: पाच स्पीकर, एक अँप्लिफायर आणि तांदळाच्या डब्याएवढा वूफर. माझा टीव्ही बेचाळीस इंची. आवाज त्याच्या पोटातून येतो, थोडा सर्दी झाल्यासारखा.

"सर, जोडून द्या ना," फर्डिनंड म्हणाला. आळीत मला मेव्हणेसुद्धा सर म्हणतात. "दुकानवाला मंगळवारी येतो म्हणतो, आणि रविवारी आख्खी आळी यायचीय."

"कुठे?"

"इथे. सगळ्यांना सांगितलं मी. तुम्हीपण या."

मीपण यायचं होतं.

शनिवारी मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन गेलो. उर्सुला सोबत होती, भावाचं कौतुक करायला. "बघ, माझ्या भावाने काय आणलंय! नाहीतर आपला डबा," ती म्हणाली. त्या डब्यासमोर तिने अकरा वर्षं मालिका पाहिल्या होत्या.

स्पीकर कोपऱ्यांत लावले, वायरी पट्टीखाली दडवल्या. शेवटी राहिली अँप्लिफायरपासून टीव्हीपर्यंतची वायर. टीव्हीच्या पाठीला चार सारखीच भोकं होती. त्यातल्या एकावरच बारीक अक्षरांत एआरसी लिहिलेलं होतं. टीव्हीचा आवाज अँप्लिफायरकडे जातो तो त्याच भोकातून. बाकी तिन्हींत वायर घातली तर दिवे लागतात, सगळं थाटात दिसतं, पण स्पीकर मुके राहतात आणि टीव्ही आपल्याच पोटातून बोलत राहतो.

एवढ्यात फर्डिनंडची बायको फ्लॉसी स्वयंपाकघरातून ओरडली, "चालू करून बघायचं नाही हं, सर! फादर उद्या येणार, आशीर्वाद झाल्यावरच बटण."

आमच्याकडे हे असंच असतं. घर असो, रिक्षा असो की विहिरीवरचा पंप, आधी पवित्र पाणी, मग बटण. म्हणजे मी काय जोडलंय ते उद्यापर्यंत कोणालाच कळणार नव्हतं. उद्या आख्ख्या आळीसमोर पाच स्पीकर गप्प बसले की लोक खुर्च्या उचलून कुठे जातील, हे सांगायला फिजिक्स लागत नाही.

माझा हात थरथरला असं लिहायला बरं वाटलं असतं. हात अगदी स्थिर होता. मी वायर दुसऱ्या भोकात घातली.

रविवारी हॉल भरला. फादर ॲन्सेल्मनी प्रार्थना म्हटली, यंत्रांवर बेताने पाणी शिंपडलं आणि फर्डिनंडने बटण दाबलं. वूफरवर निळा दिवा लागला. समालोचक बोलू लागला. टीव्हीच्या पोटातून.

मी वाट पाहिली.

"आई गं!" फ्लॉसी म्हणाली. "अंगावर काटा आला."

"मागून येतोय, मागून!" गॉडफ्रेने मान वळवली. "माझ्या कानाशी कोणीतरी टाळ्या वाजवतंय."

त्याच्या कानाशी भिंत होती.

"छातीत धडधडतं की नाही?" फर्डिनंडने वूफरवर हात ठेवून विचारलं.

"धडधडतं," मी म्हणालो. ते खरं होतं.

उर्सुला माझ्याकडे वळून म्हणाली, "याला म्हणतात आवाज."

तो आठवडा मी नीट जेवलो नाही. माणसाकडे एखादी गोष्ट असली तर तिचा हेवा करता येतो. फर्डिनंडकडे ती नव्हतीच, तरी आळीभर तिचं कौतुक चाललं होतं, आणि ती नाही हे सांगायची सोय मला नव्हती. शेवटी शनिवारी मी पापनिवेदनाला गेलो आणि जाळीआडून फादर ॲन्सेल्मना सगळं सांगितलं.

जाळीपलीकडे खुर्ची करकरली.

"मग मला मागून ऐकू आला तो कोण?" फादरनी विचारलं.

"माहीत नाही, फादर."

"तीन नमो मरिया म्हण," ते जरा तुटकपणे म्हणाले, "आणि वायर बदल."

त्याच संध्याकाळी फर्डिनंडला "जरा तपासतो" असं सांगून मी वायर एआरसीत घातली. रविवारी पहिलाच षटकार बसला आणि हॉलमध्ये फटाक्यांची माळ लागल्यासारखं झालं. घरच्या वेदीवरच्या फुलदाण्या किणकिणल्या. गॉडफ्रेचा चहा त्याच्याच मांडीवर सांडला.

"बंद करा ते!" फ्लॉसीने कान झाकले. "काय बिघडलंय त्याला?"

फर्डिनंडने आवाज कमी केला, तरी वूफर पोटात बुक्के मारतच होता.

"गेल्या रविवारी किती गोड आवाज होता," गॉडफ्रे मांडी पुसत म्हणाला. "काल सरांनी हात लावला ना?"

फर्डिनंड माझ्याकडे बघत होता. "सर, होतं तसं करून द्या."

आख्ख्या आळीसमोर मी गुडघ्यांवर बसलो आणि वायर पुन्हा दुसऱ्या भोकात घातली. समालोचक टीव्हीच्या पोटात परतला. सगळ्यांनी सुस्कारा सोडला. "हां. आता कसं चारी बाजूंनी येतंय," फ्लॉसी म्हणाली.

सोमवारी सकाळी मी कुंपणापाशी गॉडफ्रेला गाठलं आणि सगळं सांगून टाकलं. स्पीकर मुके आहेत, तू ऐकतोस तो साध्या टीव्हीचा आवाज, आणि तसा आवाज माझ्याकडे अकरा वर्षं आहे. तेव्हा येत्या रविवारी माझ्याकडे यायला हरकत नसावी.

गॉडफ्रेने शांतपणे ऐकून घेतलं.

"स्पीकरचं आम्हाला काय कळतं, सर," तो म्हणाला. "पण तुमच्याकडे उकडतं."

फर्डिनंडच्या हॉलमध्ये दीड टनाचा एसी आहे.