समुद्रात टाकलेली वही

युद्धात पकडून आणलेल्या जहाजांचा निवाडा करणाऱ्या न्यायालयाची एक रीत होती. खलाशांना एकेकटं आत बोलवायचं, ठरलेले तेच प्रश्न सगळ्यांना विचारायचे आणि उत्तर अक्षर न अक्षर उतरून घ्यायचं. कप्तानांचा जबाब झाला होता. आता ते शेजारच्या खोलीत बसून होते आणि जीव टांगणीला लागला होता.

जहाज त्यांचं नव्हतं, विधवा थोरल्या बहिणीचं होतं. मालही साधाच, सूत आणि साबण. पण लढाऊ जहाज जवळ आलं तशी कप्तानांनी खिशातली वही समुद्रात भिरकावली, आणि ते समोरच्या अधिकाऱ्याने दुर्बिणीतून पाहिलं. कागद बुडवले म्हणजे शत्रूचा माल लपवला, असा संशय. तो पक्का झाला की जहाज जप्त.

“वहीत काय होतं?” न्यायाधीशांनी विचारलं होतं.

“गाणी. माझीच. देवाची आळवणी,” कप्तान मान खाली घालून म्हणाले होते. “लोक मोठ्याने वाचून हसतील, म्हणून लाज वाटली.”

न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहत प्रश्नांच्या यादीत आणखी एक प्रश्न लिहून घेतला होता.

इतक्यात भिंतीपलीकडून “कप्तानांचं एखादं गाणं येतं का?” असा प्रश्न ऐकू आला, आणि पाठोपाठ जहाजावरच्या आचाऱ्याचा घोगरा आवाज.

“वाऱ्याच्या धन्या देवा, शिडा... ला दे जोर,
आचाऱ्याच्या हाती दे मीठ थोडं थोडं.”

कप्तानांचे कान लाल झाले. रोज सांजेला सुकाणूपाशी, कुणी ऐकत नाही असं समजून, ते हेच म्हणत, आणि ‘शिडाला’ म्हणताना मध्येच त्यांचा दम तुटे. आचाऱ्याने तो दमसुद्धा तिथेच तोडला होता. मग सुतार आत गेला. तोच दम, तीच जागा. मग शिडवाले दोघे भाऊ, एकामागून एक. सातवा खलाशी गाऊन झाला तेव्हा कप्तानांनी डोळे पुसले. हसू आवरेना म्हणून की आणखी कशाने, त्यांचं त्यांनाच कळेना.

“सात माणसं ठरवून खोटं बोलू शकतात,” न्यायाधीश निकाल देताना म्हणाले, “पण इतकं सारखं बेसूर गायला कित्येक वर्षं एका जहाजावर राहावं लागतं. जहाज मोकळं.”

धक्क्याकडे जाताना कप्तानांनी आचाऱ्याला गाठलं. “माझा दम तुटतो हे तुम्हा सगळ्यांना ठाऊक होतं?”

“पहिल्या सफरीपासून.”

“मग सांगितलं का नाहीस, लेका?”

“सांगायचं काय त्यात? आम्हाला ते गाणं तसंच आहे असं वाटायचं. आणि मिठाचं तुम्ही मला कधी तोंडावर सांगितलंत?”

कप्तान खाकरले. “ताईला पत्र टाकायला हवं. जहाज सुटलं, एवढंच कळवू.”

“कशामुळे सुटलं, ते त्या विचारतीलच.”

कप्तान आचाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “मग पत्र तू लिही.”