जायफळाचे दोन वेढे

माझा स्वभाव मुळात तापट, आणि चौदा महिन्यांच्या पोरांना गोलात बसवून गाणी म्हणायचा 'सर्कल टाइम' असतो हे ऐकल्यापासून तो आणखी तापला. कुमुद मॅडमचं गुडगावातलं पाळणाघर नवं होतं. फरशी नवी, खेळणी नवी, समोरच्या ऑफिसला तर अजून काचा बसत होत्या. मॅडमनी सहा महिन्यांचा कोर्स केला होता आणि त्यातलं टाइमटेबल भिंतीवर लावलं होतं. साडेनऊला सर्कल टाइम, दहाला पाण्याशी खेळ, साडेअकराला खिचडी, साडेबारा ते दोन झोप. तो तक्ता लिहिला मात्र मी. सुभेदाराची बायको, तीन पोरं पाच छावण्यांत वाढवली, पण नोकरी मिळाली ती अक्षर चांगलं म्हणून.

रोज संध्याकाळी प्रत्येक मुलाचा एक कागद घरी जायचा. काय खाल्लं, किती वेळा लंगोट बदलला, किती झोपलं. तक्त्याप्रमाणे झालं तर निळ्या पेनानं लिहायचं, नाही झालं तर खाली लाल रेघ. पेनांचं पाकीट मी करोल बागेतून आणलं होतं, हौसेनं.

शंभूच्या झोपेखाली तीन आठवडे लाल रेघ होती. पोरगं म्हणजे नुसती भिंगरी. साडेबाराला बाकीची सात पोरं आडवी व्हायची आणि हा पडद्याला लोंबकळायचा. "मॅडम, हर बच्चे का अपना टाइम होता है," मी सांगून पाहिलं. "द्वारकाजी, चार्ट मतलब चार्ट," त्या म्हणाल्या. शंभूची आई सुरुची मूळची साताऱ्याची. मानेसरला मोटारीचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात ऑफिसात होती. कंपनीची बस गाठायची म्हणून साडेसातला पोर माझ्या हातात द्यायची आणि पळायची. संध्याकाळी लाल रेघ पाहून "सॉरी हं काकू" म्हणायची, जणू दुपारी तीच झोपली नव्हती.

त्या गुरुवारी अडीचला समोरच्या ऑफिसचे लोक पाहणीला येणार होते. त्यांची वीस मुलं आली असती तर मॅडम वरचा मजला घेणार होत्या. सकाळपासून त्यांनी माझं डोकं खाल्लं होतं. दोनला सगळी मुलं उठलेली हवीत, ताजीतवानी हवीत. शंभू त्या दिवशी आल्यापासून किरकिरत होता, डोळे चोळत होता. दात येत असतील, असं मी धरून चालले.

बारा वाजता माझा धीर सुटला. पर्समध्ये जायफळ होतं. माझी तिन्ही पोरं त्यावरच झोपली होती. सहाण नव्हती, म्हणून कप उपडा करून त्याच्या खरखरीत कडेवर दुधात दोन वेढे उगाळले आणि बोटानं शंभूला चाटवले. मोजून दोन. बाहेरचं काही द्यायचं नाही हा पाळणाघराचा नियम मला पाठ होता. मीच लिहिला होता.

शंभू झोपला. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

दोनला सात पोरं उठली. शंभू नाही. मी गाल थोपटले, मोजा काढून तळव्याला गुदगुल्या केल्या. मान एकीकडे कलली, ती तशीच राहिली. श्वास चालू होता. मी बोट नाकाखाली धरलं, काढलं, पुन्हा धरलं. पाण्याचा हबका मारला तर कपाळाला जराशी आठी पडली, बस्स. बाहेर मॅडम पाहुण्यांसाठी खुर्च्या ओढत होत्या. मी पाळण्यापासून दारापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. सांगितलं तर नोकरी जाणार होती. उठेल आत्ता, उठेल, असं म्हणत मी दहा मिनिटं घालवली. त्या दहा मिनिटांची मला आजही लाज वाटते.

मग मी पोर उचललं आणि मॅडमना म्हणाले, "मैंने इसे जायफल दिया है. उठ नहीं रहा." त्या काय बोलल्या ते ऐकायला मी थांबले नाही. गल्लीच्या टोकाच्या दवाखान्याकडे अनवाणीच पळाले.

डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारली, छातीला नळी लावली, सलाइन लावलं. "कितना दिया?"

"दो बार घिसा."

"दो बार में बच्चा ऐसा नहीं होता. सच बताइए. डोस पता होगा तो इलाज होगा."

"सच ही बता रही हूँ."

त्यांचा विश्वास बसला नाही. नर्सनं मला खोलीबाहेर बसवलं. मी बसले कुठली. येरझाऱ्या घालत होते आणि मनात त्याच कपावर पुन्हा पुन्हा उगाळून पाहत होते. एक. दोन. की तीन झाले? आता माझाच माझ्यावर विश्वास उरला नव्हता.

मॅडमनी फोन केला होता. चारला सुरुची आली, शेअर ऑटोतून उतरून धावतच. मी तिच्यासमोर उभी राहिले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. मारलं असतं तरी मी हलले नसते.

"काकू, मीपण दिलंय," ती म्हणाली. "सकाळी. सासूबाईंनी फोनवर सांगितलं होतं, दिलंस की दुपारी झोपेल. बस निघेल म्हणून घाईघाईत उगाळलं. वेढे मोजलेच नाहीत."

"अगं, मला सांगायचं तरी!"

"कसं सांगू? तुम्ही रोज लाल रेघ मारता ना. मला वाटलं, याला काढून टाकतील. मग मी नोकरी कशी करू?"

त्या रेघा मीच हौसेनं आणलेल्या पेनानं मारल्या होत्या.

तिनं आत जाऊन डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी आम्हा दोघींना सणसणीत झापलं. शंभूला हलवू दिलं नाही, दर पंधरा मिनिटांनी नाडी पाहत राहिले. साडेपाचला आतून रडणं आलं, घसा फाडून. सुरुचीनं त्याला छातीशी धरलं, मग माझ्यापुढे केलं. ती म्हणाली, "तुम्ही घ्या." मी घेतलं. त्यानं माझ्या मंगळसूत्राला लोंबकळायला सुरुवात केली आणि मी तिथंच हमसून रडले.

मॅडमनी माझी पर्स आणि शंभूचा त्या दिवसाचा कागद दवाखान्यात पाठवून दिला होता. म्हणजे नोकरी गेली, हे वेगळं सांगायची गरज नव्हती. झोपेचा रकाना कोरा होता. जायफळासाठी तर रकानाच नव्हता. मी समासात निळ्या पेनानं लिहिलं : १२.१०, जायफळ, दोन वेढे, द्वारका. सुरुचीनं पेन माझ्याकडून घेतलं आणि त्याच्या वर लिहिलं : सकाळी ७, घरी, वेढे मोजले नाहीत, आई.

मग तिनं कागद घडी घालून शंभूच्या पिशवीत ठेवला आणि विचारलं, "काकू, उद्यापासून तुम्ही आमच्याच घरी याल का?"