चारशे बाराचा ड्रायव्हर

घड्याळजींना इंजिनप्रेमींच्या मंडळात सगळे ‘शिट्टी’ म्हणत. वाफेच्या इंजिनाची गोष्ट सांगता सांगता ते तोंडाने अशी काही शिट्टी मारत, की पाठमोरी उभी असलेली माणसं दचकून बाजूला होत. दिवसभर डोळ्याला भिंग लावून लोकांची घड्याळं दुरुस्त करायची आणि उरलेल्या वेळात छोटी इंजिनं जमवायची, हा त्यांचा तीस वर्षांचा शिरस्ता. घरातल्या काचेच्या कपाटात त्रेचाळीस इंजिनं होती. बायको म्हणायची, "माझ्या कपड्यांना एक खण आणि यांच्या इंजिनांना अख्खी भिंत. बरं, त्यातलं एकही मला माहेरी नेऊन सोडत नाही!"

इतिहास माहीत नसेल तर इंजिन म्हणजे नुसतं खेळणं, असं घड्याळजी म्हणायचे. त्यामुळे खरं इंजिन कुठल्या कारखान्यात बनलं, कुठल्या मार्गावर धावलं, भंगारात कधी गेलं, सगळं त्यांना तोंडपाठ. त्यातही चारशे बारा नंबरवर त्यांचा विशेष जीव. वीतभर लांबीचं, काळं कुळकुळीत. त्याच्या चाकांना जोडणारे दांडे त्यांनी स्वतः पितळेतून कापले होते. आणि लोक हसायचे तेही या चारशे बाराच्याच गोष्टीला.

साठ वर्षांपूर्वी खरं चारशे बारा डोंगरातल्या मार्गावर मालगाडी ओढायचं. एका सकाळी उतारावर ब्रेक लागेनात. गाडी सुटली ती थेट खालच्या स्टेशनात. "आणि आपला ड्रायव्हर?" असं म्हणून घड्याळजी जरा थांबायचे. "त्याने अशी उडी ठोकली, अशी उडी ठोकली, की इंजिनाच्या आधी तोच स्टेशनात पोचला!" सगळे खो खो हसत. त्या अपघातात ड्रायव्हर मेला, हे ते सांगत नसत. उगाच हसण्यात मिठाचा खडा कशाला?

ही गोष्ट त्यांनी कुठल्याशा जुन्या पुस्तिकेत वाचलेल्या एका ओळीवरून रचली होती. इंजिनावरच्या एका माणसाने उडी मारली आणि ड्रायव्हर मेला, एवढंच तिथे होतं. पुढे सहा वर्षांपूर्वी रद्दीवाल्याकडे त्यांना त्या अपघाताचा चौकशी अहवालच मिळाला. उडी मारली होती कोळसा टाकणाऱ्या फायरमनने, तीही ड्रायव्हरने धक्का देऊन उतरवलं म्हणून. ड्रायव्हर मात्र गाडीवरच राहिला. चाकं उलटी फिरवणारा दांडा ओढून धरला आणि शेवटपर्यंत शिट्टी देत राहिला. त्या शिट्टीमुळे फलाटावरची माणसं पळाली आणि वाचली.

घड्याळजींनी अहवाल दोनदा वाचला आणि दुकानातल्या स्प्रिंगांच्या खणात तळाशी घालून ठेवला. जागेवर उभ्या उभ्या मेलेल्या माणसाला कोण हसणार? मंडळाच्या पुढच्या प्रदर्शनात त्यांनी उडीचीच गोष्ट सांगितली. त्याच्या पुढच्यातही.

यंदा प्रदर्शन एका शाळेच्या हॉलमध्ये होतं. रविवारची दुपार. उडी झाली, हशा झाला, गर्दी पांगली. पण पांढऱ्या केसांच्या एक बाई टेबलापाशीच राहिल्या. हातात कापडी पिशवी. इंजिनाकडे वाकून बघत होत्या.

"तुम्ही आत्ता ड्रायव्हरचं सांगितलंत," त्या म्हणाल्या, "ते नक्की खरं का हो?"

"म्हणजे काय, बाई! चौकशीच्या अहवालातच आहे."

"तुम्ही वाचलाय?"

"वाचलाय की. माझ्याकडे आहे तो."

बाईंनी मान हलवली. "असेल मग. आमच्या गल्लीतही सगळे तसंच म्हणायचे. शाळेत मला उडीवाल्याची पोरगी म्हणायचे. माझे वडील होते ते."

घड्याळजींनी फडक्याने इंजिन पुसायला घेतलं. बोलायला हीच वेळ होती. पण बोलणार काय? आत्ता छातीठोक सांगितलं ते खोटं होतं म्हणून? तेवढ्यात एक कुटुंब टेबलाशी आलं. "काका, ती शिट्टी वाजवा ना!" आणि घड्याळजींनी, देवाशप्पथ, शिट्टी वाजवली. तोवर दाराशी जाऊन अभिप्राय वहीत काहीतरी लिहीत असलेल्या बाईंचा हात थबकला. मग त्यांनी सही केली आणि त्या गेल्या.

वहीत लिहिलं होतं: ‘इंजिन हुबेहूब आहे.’ खाली पत्ता. निवृत्त परिचारिका.

संध्याकाळी ते जेवेनात, तेव्हा बायकोने खोदून खोदून विचारलं. त्यांनी सगळं सांगितलं, खणातल्या अहवालासकट. एरवी प्रत्येक गोष्टीवर काहीतरी टोला मारणारी बायको. या वेळी एवढंच म्हणाली, "सकाळी दुकान उघडू नका."

सकाळी ते अहवाल आणि सोबत चारशे बारा खोक्यात घेऊन बाईंच्या घरी गेले. दोन खोल्यांचं नीटनेटकं घर. खुर्चीच्या कडेला बसून त्यांनी एका दमात सांगून टाकलं. "मी खोटं बोललो. चुकून नाही. मला माहीत होतं."

बाईंनी चष्मा लावून अहवाल वाचला. एका पानावर बोट ठेवून त्या पुन्हा पुन्हा तेच वाचत राहिल्या. "शिट्टी देत राहिले," त्या हळूच म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "कधीपासून आहे तुमच्याकडे?"

"सहा वर्षं झाली."

"आई तीन वर्षांपूर्वी गेली."

घड्याळजींना वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. त्यांनी खोकं पुढे सरकवलं. "हे तुम्ही ठेवा. माझ्याकडे ठेवायची माझी लायकी नाही."

"खेळणं नको मला," बाई म्हणाल्या. "कागद इथे राहू दे. आणि जिथे जिथे सांगितलंत ना, तिथे जाऊन हे सांगा." त्या उठल्या, दार उघडून उभ्या राहिल्या. माफ केलं, असं काही म्हणाल्या नाहीत. घड्याळजींनीही माफी मागितली नाही.

मग घड्याळजी निघाले. दर सोमवारी एक ठिकाण. शाळा, वाचनालयं, कारखान्याची करमणूक खोली, दुसऱ्या गावचं मंडळ. कुठे मुख्याध्यापिकेने घड्याळाकडे बघत ऐकून घेतलं, कुठे कुणाला ती गोष्ट आठवेचना. मंडळातल्या एकाने तर म्हटलं, "अहो शिट्टी, साठ वर्षांपूर्वीचं मढं कशाला उकरता?" ते प्रत्येक ठिकाणी उभे राहून पहिलं वाक्य तेच बोलत: "मागे मी इथे खोटं सांगितलं होतं." सवयीने ते सोपं होईल असं त्यांना वाटलं होतं. झालं नाही. दर वेळी कान तसेच तापत.

शेवटी राहिलं होतं एक वाचनालय. तिथल्या ग्रंथपालाने सगळं नीट ऐकून घेतलं, ड्रायव्हरचं नाव वहीत उतरवून घेतलं आणि म्हणाला, "पण तेव्हा आम्ही फार हसलो होतो हो."

"हो," घड्याळजी म्हणाले. "मीही."